दोघांचीच गाडी

वसईच्या माणसाने पळणारी गाडी घ्यावी की नाही, याविषयी आमच्या ओळखीच्या मंडळींत मुळीच मतभेद नाहीत. घेऊ नये, असे सर्वांचे मत आहे. पापडीहून निर्मळकडे जाणारा रस्ता ज्याने पाहिला आहे त्याला ते पटेलही. एका अंगाला केळीची वाडी, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी घराचा ओटा, समोरून येणारी बस, आणि मधोमध, हा रस्ता आपल्याला वडिलोपार्जित हक्काने मिळाला आहे अशा थाटात पहुडलेला कुत्रा. अशा ठिकाणी ताशी दोनशे किलोमीटर पळू शकणारी गाडी बाळगणे म्हणजे दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात अरबी घोडा पाळणे. घोडा पळणार कुठे? आणि पळाला नाही, तर त्याचे होणार काय?

यांतला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, पण तो मला कुणीच विचारला नाही. पळण्यासाठी जन्माला आलेले जनावर उभे करून ठेवले की ते तापते.

मोटारीची हौस मला जुनीच. १९९८ साली सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, छत उघडता येणारी गाडी आपल्या देशात निघाली. फायबरग्लासचे अंग आणि बाराशे सीसीला थोडे कमी असे रेनोचे इंजिन. तिचे चित्र मी एका मासिकातून कापून कचेरीतल्या खणात ठेवले होते. त्या वेळी आमच्या दारात बजाजची चेतक होती. पुढे थोरला उभा, मध्ये धाकटी चेंगरलेली, मागे सौ. आणि तिच्या मांडीवर भाजीची पिशवी, अशी आमची मिरवणूक निघे. नंतर वापरलेली पद्मिनी आली. तीत आई, मावशी, दोन्ही मुले, आम्ही दोघे आणि लोणच्याची बरणी असे सातजण बसत. तक्रार नाही, माणसे होती म्हणून गाडी भरत होती. पण पस्तीस वर्षांच्या संसारात सौ. आणि मी असे दोघेच कुठे गेलो होतो, हे आठवू लागलो तर दवाखान्यापलीकडे काही आठवेना.

आई गेली, मावशी गेली, मुले पुण्याला गेली. मी निवृत्त झालो. आणि एक दिवस कळले की एका गृहस्थांकडे बारा वर्षे वापरलेली, तांबडी, दोन आसनांची, उघड्या छताची स्पोर्ट्स कार विकाऊ आहे. तिचे कुलगोत्र इथे सांगत नाही; लग्नाच्या गोष्टीत सुनेच्या माहेरचा उद्धार करू नये, तसेच हे. मी ती सौ.ला दाखवायला नेली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, आत वाकून पाहिले आणि विचारले,

"अहो, मागे कोण बसणार?"

"कोणीच नाही. मागे जागाच नाही."

"मग घ्या," सौ. म्हणाली.

पहिले पंधरा दिवस सुखात गेले. पहाटे पाचला उठायचे, सातिवलीला महामार्ग गाठायचा, विरार फाट्यापर्यंत जायचे आणि दूधवाल्याच्या आधी घरी परतायचे. तुंगारेश्वरच्या डोंगरामागून तांबडे फुटत असे. सौ. डोक्याला रुमाल घट्ट बांधून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, लग्नाच्या फोटोत बसतात तशी बसे. गाडी इतकी बुटकी की उतरताना तिचे गुडघे बोलत. पण त्याबद्दल ती अवाक्षर काढीत नसे. आणि समोरच्या चकत्यांतला तापमानाचा काटा बरोबर मधोमध, देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखा स्थिर.

मग मे महिन्यातल्या एका सकाळी अकरा वाजता आम्ही वसई रोडच्या उड्डाणपुलावर अडकलो.

का अडकलो, हे विचारण्यात अर्थ नाही. पुढे कुठेतरी एक रिक्षा उलटी वळत होती, आणि तिला वळू न देण्याच्या निश्चयाने बाकीच्या सगळ्या तिच्याभोवती जमल्या होत्या. पाच मिनिटे गेली. काटा मध्यावरून हलला. या काट्याची एक खोड अशी की आपण पाहत असताना तो हलत नाही. जरा नजर वळवली की एक रेघ पुढे गेलेला असतो. अगदी लहान मुलाप्रमाणे. दहा मिनिटांत तो तांबड्या रेघेच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

गाडीबरोबर आलेले पुस्तक मी दोनदा वाचले होते. त्यात अशा वेळी काय करावे हे स्वच्छ लिहिले होते : वातानुकूलन बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. मी हीटर सोडला. मे महिना, वसई, सकाळचे अकरा, वर छत नाही, आणि आम्ही दोघे हीटर लावून बसलेले! शेजारच्या रिक्षातल्या एका बाईने आपल्या मुलाला आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितले. काय सांगितले असेल याची कल्पना करवते. सौ.ने पदराने वारा घेतला आणि विचारले, "हे कशासाठी?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तरही सुंदर आहे. हीटर म्हणजे दुसरे काही नसून आपल्या पुढ्यात, आतल्या बाजूला लपवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनातले कढत पाणी त्यातून फिरते आणि त्याची ऊब आत सोडली जाते. थंड देशातल्या लोकांना ती ऊब हवी असते. आपल्याला ती नकोच असते, पण इंजिनाच्या डोक्यावरून ती काढून घेतली एवढे पुण्य लागते. म्हणजे गाडीचा ताप आपण आपल्या अंगावर घ्यायचा. काटा अर्धी रेघ खाली आला. मग रिक्षा एकदाची वळली, पूल मोकळा झाला, वारा लागला, आणि पुढच्या दोन मिनिटांत काटा पुन्हा समईच्या ज्योतीसारखा.

पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा ढोबळ हिशेब असा की एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर नळीतून बाहेर जाते आणि उरलेली एक तृतीयांश कुठेतरी नेऊन टाकावी लागते. ते टाकण्याचे काम पाण्याचे. पाणी इंजिनाच्या पोटातून फिरते, तापते, पुढच्या जाळीत येते, वाऱ्याने निवते आणि परत आत जाते. वाटेत मेणाची एक झडप असते. ऐंशी-नव्वद अंशांच्या सुमारास मेण वितळून फुगते आणि वाट उघडते. शिवाय सगळा कारभार दाबाखाली चालतो. ज्यांच्या घरी कुकर आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. दाबामुळे ते पाणी शंभरावर उकळत नाही, एकशेवीस अंशांच्या आसपास दम धरते. आणि म्हणूनच, कुकरप्रमाणेच, दाब असताना झाकण उघडायचे नाही.

हे शेवटचे वाक्य आमच्या गावात फारसे कुणी वाचलेले नाही. आठवड्याने आम्ही भुईगावच्या बाजूला एका वराती(च्या) मागे सापडलो. बँड जोरात होता आणि नवरदेवाचे मित्र नाचण्यात कसूर करीत नव्हते. काटा पुन्हा चढला. मी गाडी एका वाडीच्या तोंडाशी कडेला घेतली, इंजिन बंद केले, बॉनेट उघडले. वाफेचा एक भपकारा आला. झाले! वरातीतली अर्धी मंडळी नवरदेवाला सोडून आमच्याकडे आली. बॉनेट उघडी असलेली गाडी आणि रस्त्यावर पडलेला माणूस, या दोहोंवर प्रत्येकाला उपाय ठाऊक असतो. एक म्हणाला, वरून गार पाणी ओता. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले तर ते तडकते, हे चुलीवरच्या तव्यावरून त्याला कळायला हवे होते. एक तरुण तर बोलण्यात वेळ घालवणारा नव्हता. त्याने गळ्यातला रुमाल हाताला गुंडाळला आणि सरळ रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. त्याच्या कोपराशी सहासात वर्षांची एक मुलगी, फुलांचा गजरा घातलेली, टाचा उंचावून आत पाहत होती.

सौ. ओरडली. ती बावीस वर्षे शाळेत शिकवत होती. तो आवाज काय असतो हे तिच्या विद्यार्थ्यांना विचारावे. बँडसुद्धा थांबला. तरुणाचा हात हवेत राहिला.

"कुकरची शिटी न काढता झाकण उघडतोस का रे घरी?" तिने विचारले.

"नाही बाई," तो म्हणाला. त्याला तिने कधी शिकवले नव्हते, तरीही.

आम्ही अर्धा-पाऊण तास थांबलो. वाडीचे मालक, एक वृद्ध बागायतदार, खुर्च्या घेऊन आले. मागे त्यांचे बावखल होते, त्याच्या काठाला केळी, पलीकडे विहीर. मी पाण्याकडे पाहिलेले त्यांनी हेरले. "आमचं पाणी घालू नका गाडीत," ते म्हणाले. "विहीर मचूळ झाली आहे. झाडांनासुद्धा आवडत नाही, तुमच्या इंजिनाला कसं आवडेल?" आणि त्यांनी प्यायला विकत आणलेल्या बाटलीतले पाणी तांब्याने मोजून दिले. खारे पाणी नळ्यांत क्षार धरते, गंज आणते, आणि बंबाच्या तळाशी बसतो तसा थर इंजिनात बसवते. हे मला पुस्तकावरून ठाऊक होते, त्यांना विहिरीवरून. वसईच्या वाड्यांत गोडे पाणी विकत घेऊन प्यावे लागते, हे मात्र कुठल्याच पुस्तकापेक्षा अधिक टोचले.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली. कुठल्या, ते सोडा. तिथल्या मुख्य मिस्त्रींनी इंजिनाला कान लावला, मान हलवली आणि वैद्याने नाडी सोडावी तसा हात काढून घेतला. "हेड गेलं," ते म्हणाले. म्हणजे इंजिनाचे डोके आणि धड यांच्यामधली गॅस्केट जळाली, डोके वाकले. सगळे उतरवावे लागेल. खर्च पंचाऐंशी हजार, "आणि आत काय निघेल ते वेगळं."

पंचाऐंशी हजार रुपये आमच्याकडे नव्हते असे नाही. होते. सौ.च्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला टाकलेल्या ठेवीत होते.

त्या रात्री घरात फारसे कुणी जेवले नाही. पुण्याहून थोरल्याचा फोन आला. "बाबा, विकून टाका. तुम्हाला सांगत होतो ना, ही वयात येणाऱ्या पोरांची गाडी आहे." धाकटीने एवढे कठोर न होता तेच सांगितले. मी म्हणालो, विकतो. ठेव मोडायची नाही, हे माझे ठरले होते. सौ. म्हणाली, "गुडघा काही पळून जात नाही. वर्षभर थांबेल." मी म्हणालो, "गाडीसाठी गुडघा थांबवायचा नाही." ती म्हणाली, "गाडीसाठी कोण म्हणतंय?" यावर मला काही उत्तर सुचले नाही.

सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा तिच्या हातात दुधाच्या हिशेबाची वही होती. वहीच्या मागच्या पानांवर, मला पत्ता न लागू देता, तिने पहिल्या दिवसापासून काट्याची नोंद ठेवली होती. तारीख, ठिकाण, वेळ, गाडी पळते की उभी, काटा कुठे. "हे बघा," ती म्हणाली. "महामार्गावर ताशी ऐंशी-नव्वदने अर्धा तास पळाली, काटा मध्यावर. पुलावर उभी, काटा वर. वरातीत उभी, काटा वर. परत वारा लागला, काटा खाली. एकदाही चुकलं नाही. डोकं फुटलेला माणूस पळताना बरा असतो आणि उभा राहिला की आजारी पडतो, असं कधी ऐकलंय?"

मी वही घेतली. खरोखरच एकदाही चुकले नव्हते.

"आणि गॅस्केट गेली की तेल दुधासारखं होतं, मागून पांढरा धूर येतो, हे तुम्हीच वाचून दाखवलंत. मिस्त्रींनी तेल पाहिलं?"

मिस्त्रींनी तेल पाहिले नव्हते. मी खाली गेलो, तेलाची पट्टी ओढली. काळसर, चकचकीत तेल. दुधाचा थेंब नाही.

इथे मला एका बाईची आठवण होते. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बेर्टा बेन्झ नावाची बाई, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून निघाली आणि शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला आपल्या माहेरी पोचली. बरोबर दोन मुलगे. मोटारीचे शोधक कार्ल बेन्झ तोपर्यंत तिला लांब न्यायला धजले नव्हते. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई, आणि बाईंना वाटेत जागोजागी थांबून पाणी भरावे लागे. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावच्या औषधविक्याकडून घेतले, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास असा एका गृहिणीने केला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, हजारो बारीक नळ्यांची जाळी असलेला रेडिएटर विल्हेल्म माइबाखने पुढे १९०१च्या मर्सिडीज गाडीवर बसवला, आणि तेव्हापासून मोटार खऱ्या अर्थाने पळू लागली. सौ.ला ही हकीकत सांगितली तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले, "घरी येऊन नवऱ्याला काय म्हणाली?" ते मात्र मला सांगता आले नाही.

गाडी पळते तेव्हा वारा जाळीतून आपोआप जातो. उभी राहिली की वारा बंद. तेव्हा वारा घालायचे काम पंख्याचे. आता गंमत पाहा. आमच्या चेतकला पंखा होता, पण तो इंजिनाच्या फिरत्या चाकालाच जोडलेला. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. जुन्या मोटारींत तो पट्ट्यावर फिरे. पट्टा तुटला तर निदान दिसे. आजच्या गाडीचा पंखा विजेचा. पाणी ठराविक ताप गाठते, एक बटण ते ओळखते आणि पंख्याला निरोप धाडते. उगाच फिरून पेट्रोल जाळीत नाही, ही त्याची हुशारी. पण बंद पडला तर आवाज नाही, तुटका पट्टा नाही, काही नाही. गप्प बसतो, आणि पळणाऱ्या गाडीत त्याची उणीव भासतही नाही. त्यातून स्पोर्ट्स कारचे नाक बुटके, इंजिन ट्रंकेत कोंबलेल्या कपड्यांसारखे. आत अडकलेली उष्णता निघायला जागाच नसते.

"पुलावर तुम्ही पंख्याचा आवाज ऐकला होता?" सौ.ने विचारले.

मला हीटरचा आवाज आठवत होता, रिक्षांचे भोंगे आठवत होते. पंखा आठवत नव्हता.

सोपाऱ्याला रिक्षांच्या वायरिंगचे काम करणारे एक बुजुर्ग आहेत, असे आमच्या दूधवाल्याने सांगितले. दुकान म्हणजे एक टपरी. त्यांनी गाडीकडे कौतुकाने पाहिले नाही की घाबरूनही पाहिले नाही. "काका, गाडी चालू ठेवा आणि कुणी बोलू नका," ते म्हणाले. आम्ही तिघे गप्प उभे राहिलो. काटा मध्यावरून निघाला, चढू लागला. पंख्याचा आवाज नाही. त्यांनी इंजिन बंद करायला सांगितले, रेडिएटरच्या अंगच्या बटणाची वायर उपसली, खिशातून तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा काढला, तिची दोन टोके जोडली आणि मला किल्ली फिरवायला खुणावले. पंखा असा घोंगावला की टपरीवरचे कॅलेंडर उडाले.

"पंखा जिवंत आहे," ते म्हणाले. "त्याला सांगणारा मेला."

बटण साडेसातशे रुपयांचे. मजुरी दोनशे. नवे कूलंट त्याहून थोडे अधिक. जाळीच्या पुढून त्यांनी प्लास्टिकची एक पिशवी, सुकलेले गवत आणि मूठभर मेलेले किडे काढले, त्याचे पैसे घेतले नाहीत. सौ.ने आपल्या हाताने नोटा मोजून दिल्या आणि वहीत लिहिल्या. गुडघ्याची तारीख दिवाळीनंतरची घेतली आहे.

पहिल्या पावसाच्या आदल्या आठवड्यात आम्ही शिरसाड फाट्यावरून आत वळून वज्रेश्वरीला गेलो. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी इथे नवस बोलला होता असे सांगतात. १७३९ साली किल्ला पडला. देवीचे दर्शन घेऊन पुढे अकलोलीला, तानसेच्या काठच्या गरम पाण्याच्या कुंडांवर. सौ. काठाशी बसली आणि तिने पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडले. वाफ निघत होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इथला पंखा कितीशे वर्षांपूर्वी बंद पडला असेल हो?"

परतताना विरार फाट्याशी नेहमीप्रमाणे गर्दी तुंबली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आमची बुटकी तांबडी. मी काट्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होतो. सौ. उघडपणे पाहत होती. तो मध्यावरून उठला, एक रेघ चढला, दुसऱ्या रेघेकडे निघाला. तेवढ्यात पुढून 'टक्' असा आवाज झाला आणि पाठोपाठ ती घरघर. सौ.ने पर्समधून वही काढली, चष्मा लावला आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहिले : विरार फाटा, सायंकाळी साडेसहा, उभे, पंखा लागला.